बडोदा, बरोडा की वडोदरा: खरं नाव कोणतं?

तुम्ही विचारलंय, "खरं नाव वडोदरा आहे, मग मराठी माणसं इंग्रजांच्या 'बरोडा'वरून आलेलं 'बडोदा' का धरून बसतात?" मी गिरगावात राहते, पण आईचं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. बरोडा इंग्रजांचं, कबूल. बडोदा मात्र आपलं आहे.

तिन्ही नावांच्या मुळाशी वड आहे. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कानं 'वटपद्रक' नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. पद्र म्हणजे गाव. वटपद्र म्हणजे वडाचं गाव, थेट आपल्या वडगावासारखं. तेव्हा मोठं ठाणं होतं ते विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचं अंकोट्टक, आणि वटपद्रक हे त्याच्या ८४ गावांतलं एक. पुढे पारडं फिरलं. वडाचं गाव राजधानी झालं आणि अंकोट्टक आज आकोटा नावानं त्याच शहराचा एक भाग होऊन राहिलंय.

'वडांच्या उदरात वसलं म्हणून वडोदरा' अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला गोड आहे, पण ताम्रपटावर वटपद्रक कोरलेलं असताना मी तेच मानते. ट चा ड झाला, मधला प विरघळून ओ झाला. चंदनावती, वीरक्षेत्र अशीही नावं सांगितली जातात. सतराव्या शतकातला गुजराती कवी प्रेमानंद आपल्या या गावाला वीरक्षेत्रच म्हणतो.

गायकवाडांचं आधीचं ठाणं सोनगडला. १७३४ साली बडोदा त्यांच्या हाती आलं ते संस्थान विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४९ पर्यंत. दरबार मराठी, कारभारी मराठी. त्या तोंडांत व चा ब झाला, शेवटचा र गळला आणि 'बडोदें' झालं. मला तर वाटतं, इंग्रजांचं बरोडाच या ड चा र होऊन आलं असावं. कारण सतराव्या शतकातले इंग्रज प्रवासी 'ब्रोडेरा' लिहायचे, आणि ते वडोदराच्या जास्त जवळचं आहे.

१९७४ मध्ये सरकारी नाव वडोदरा झालं. गुजराती माणूस आधीपासून तेच म्हणत होता, त्यामुळे ते योग्यच झालं. स्टेशनचा कोड मात्र अजून बीआरसी. आजीच्या पोस्टकार्डावर वरच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत 'मु. बडोदे' असायचं, जांभळ्या शाईत, 'दे'ची मात्रा लांब ओढलेली. आणि २०१८ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपण 'बडोद्याला' भरलं असंच म्हणतो ना? तेव्हा मराठीत लिहिताना निःसंकोच बडोदा लिहा.

कधी गेलात तर सयाजीबाग चुकवू नका. आकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहेत. आणि संकल्पभूमीही तिथेच. १९१७ साली, संस्थानच्या नोकरीत असूनही जातीमुळे राहायला जागा न मिळालेले बाबासाहेब आंबेडकर तिथल्या वडाखाली येऊन बसले होते.