अटकेपार : कुठली अटक?

प्रश्न असा आला आहे : ‘अटकेपार झेंडा’ यातली अटक म्हणजे पोलिसांची अटक का, आणि झेंडा ‘लावायचा’ की ‘रोवायचा’?

पोलिसांचा संबंध नाही. अटक हा सिंधूकाठचा किल्ला. अकबराचा सावत्रभाऊ मिर्झा हकीम काबूलहून पंजाबात उतरला, त्यानंतर 1581 ते 1583 च्या दरम्यान अकबराने तो बांधवला. नदीवर होड्यांचा पूल राखायचा म्हणून हिंदुस्तानातून नावाडी आणून वसवले आणि त्यांना एका गावाचा महसूल तोडून दिला. मल्लाही टोला ही त्यांची वस्ती. किल्ल्याभोवती राहती माणसे आली ती अशी.

आता खरी गंमत. अबुल फझल किल्ल्याचे नाव देतो ‘अटक बनारस’, आणि ते ओरिसातल्या ‘कटक बनारस’ला जोड म्हणून ठेवले, असेही सांगतो. म्हणजे ‘अटक ते कटक’ हे यमक ज्याला आपण पेशवाईचे समजून छाती फुगवतो, ते मोगली टाकसाळीतले! काही विद्वान हे नाव ओढूनताणून टक्क जमातीपर्यंत नेतात. नाव ठेवणाऱ्याच्या पदरचा माणूस कारण सांगत असताना हा उपद्व्याप कशाला?

माझे लाडके मत पुढे आहे. नागपूरचे नागपुरास होते, पण अटकचे ‘अटकास’ न होता ‘अटकेस’ का झाले? कारण मराठी कानाने त्यात आपली स्त्रीलिंगी अटक, म्हणजे अडवणूक, ऐकली. सिंधू ओलांडली की धर्म बुडतो ही समजूत होतीच, तेव्हा ‘अटकेपार’ला दुहेरी धार आली.

किल्ला नदीच्या पूर्वतीरावर आहे, म्हणून ‘पार’ म्हणजे पाणी ओलांडून. 1758 च्या एप्रिलात लाहोर घेतल्यावर मराठी फौजा तिकडे सरकल्या. राघोबादादा स्वतः मात्र लाहोरकडूनच माघारी फिरले. वर्ष-दीड वर्षात अब्दालीने सारे परत घेतले. आणि आमच्याकडे तालुका पातळीवर निबंधाला बक्षीस मिळाले की फ्लेक्सवर ‘अटकेपार झेंडा’! अहो, निदान जिल्हा तरी ओलांडा.

आज अटक म्हणून जे शहर दाखवतात ते इंग्रजांचे कँपबेलपूर, 1978 मध्ये नाव बदललेले. किल्ला आहे तो ‘अटक खुर्द’ला. खुर्द म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको.

हां, झेंडा. लावा.