वेणीतला नकाशा आणि केसांतली साळ

‘गुलाम बायका वेण्यांत पळवाटांचे नकाशे विणायच्या, हे खरं की फॉरवर्डमधली थाप?’ असं तुम्ही विचारलंय. थाप नाही. पण फिरणाऱ्या त्या मजकुरात दोन वेगळ्या देशांतल्या गोष्टींचा, वेणीतल्या नकाशाच्या आणि केसांत दडवलेल्या साळीच्या, गुंता झालाय, तेवढा सोडवायला हवा.

नकाशाची गोष्ट कोलंबियातली, कार्ताहेना बंदराजवळच्या सान बासिलिओ दे पालेंके या गावची. बेंकोस बिओओ या पळालेल्या गुलामाच्या बंडातून पळालेल्या गुलामांच्या अशा वस्त्या उभ्या राहिल्या. स्पॅनिशांनी त्याला १६२१ मध्ये फाशी दिलं, पण वस्त्या काही मोडल्या नाहीत. तिथल्या बायका आजही सांगतात, की टाळूला धरून विणलेल्या जाड वेण्या वर नेऊन अंबाड्यात बांधल्या, की ‘निघायचंय’ असा अर्थ. नागमोडी वेणी म्हणजे वाट. आपली सागरवेणी डोळ्यांसमोर आणा, तशाच टाळूला चिकटलेल्या, फक्त पुष्कळ. बायका एकमेकींचे केस विंचरताहेत, यात मालकाला संशय कसला येणार? हे सगळं तोंडी परंपरेतून आलंय, त्या काळचा कागद त्याला नाही. माझ्या मते ‘नकाशा’ हा शब्दच जड होतो. ठरलेली खूण म्हणा. वाट ज्यांना आधीच थोडीफार ठाऊक होती, त्यांच्यासाठी तेवढी पुरे.

साळीची गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्याच सुरिनामची, आणि मला तीच जास्त भक्कम वाटते. तिथल्या जंगलात पळून गेलेल्यांचे वंशज, सारामाका लोक, पांझा नावाच्या पूर्वज बाईची कथा सांगतात. मळ्यात भाताची कापणी करताना तिनं दाणे केसांत खोचले आणि जंगल गाठलं. फॉरवर्डमध्ये मात्र हे दाणे थेट आफ्रिकेतून केसांत दडवून आणलेले असतात. तिथे अडचण अशी, की अनेक गुलामांची डोकी जहाजावर चढवण्याआधीच भादरली जात. पांझाच्या कथेला ही अडचण येत नाही, दाणे मळ्यातलेच. शिवाय ती साळ होती, म्हणून उगवली. कांडलेला तांदूळ पेरून काय होणार? (कोकणातल्या कुणाला हे समजावायला नको.)

याला वनस्पतिशास्त्राचाही आधार आहे. आपला भात आशियाई, पण पश्चिम आफ्रिकेत भाताची एक वेगळीच जात लागवडीत आली. डच संशोधक टिंडे फान आंदेल यांना तो आफ्रिकी भात सुरिनाममध्ये पळालेल्या गुलामांच्या वंशजांकडे सापडला. २०१६ मध्ये त्याचा जनुकीय आराखडा तपासला, तेव्हा त्याचं सर्वांत जवळचं नातं आयव्हरी कोस्टच्या पश्चिम भागातल्या भाताशी निघालं.

सुरिनाममध्ये ही शेती आजही बायकाच करतात. आफ्रिकी भात मुख्यतः पूर्वजांच्या नैवेद्यासाठी राखून ठेवतात. इतर काही वाणांना पळून आलेल्या बायकांची नावं आहेत, त्यांत एक पांझाचंही.