वाचकांचे प्रश्न : खारूताईचे पुस्तक

प्रश्न : स. न. वि. वि. मी २६ वर्षे बालवाडीत शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलांसाठी रचलेल्या खारीच्या गोष्टीची दोन-दोन ओळींची २२ कडवी माझ्याकडे आहेत आणि कला महाविद्यालयात शिकणारी शेजारची मुलगी चित्रे काढायला तयार आहे. पहिले कडवे असे : ‘खारूताई खारूताई, कसली ग तुला एवढी घाई, चिंचेच्या झाडावरच्या चिंचा अजून पिकल्याच नाही.’ पुस्तक छापावे की मोबाइलवरून सर्वांना पाठवावे? आणि कोणी ते स्वतःच्या नावावर खपवले तर? – एक वाचक, वाई

उत्तर : आपली शेवटची शंका कायद्याची असल्याने तिचे उत्तर सोपे आहे, पहिल्या कडव्याचे तसे नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ‘चिंचा’ अनेकवचनी आहेत, त्यांना ‘नाहीत’च हवे, यमकासाठी आपण त्यांचा ‘त’ कापला आणि एवढे करूनही ‘घाई’शी ‘नाही’ नीट जुळले नाहीच. मोठ्यांच्या कवितेत ही सवलत एक वेळ खपेल, पण बोलायला शिकणारे मूल पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उचलते, हे आपल्याला मी सांगायला नको. शिवाय दुसरी ओळ इतकी लांबली आहे की ती टाळीवर बसत नाही. आपल्याकडे पादाकुलक या वृत्ताची आठ-आठ मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) चाल मुलांच्या तोंडी सहज बसते : ‘खारूताई, कसली घाई? / चिंच अजूनी कच्ची बाई!’ या दोन्ही ओळी १६ मात्रांच्या आहेत. ‘अजूनी’ हे रूप जुन्या वळणाचे झाले, हे मान्य. आपल्याला याहून चांगले सुचेल. प्रत्येक कडवे दुसऱ्या कोणाला तरी पहिल्यांदाच मोठ्याने वाचायला द्यावे आणि ती व्यक्ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी, कारण स्वतः वाचताना आपण अडखळती ओळसुद्धा चालीत ओढून घेतो.

आता २२ कडव्यांचे काय करायचे? मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत लागतात. ए-फोर आकाराचे चार कागद एकात एक घालून दुमडले की १६ पानांची नमुना-प्रत तयार होते. पहिले पान शीर्षकाला आणि दुसरे प्रकाशनाच्या तपशिलाला गेले की हाती तिसरे पान, सहा जोडपाने (उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन-दोन पाने) आणि शेवटचे सोळावे पान उरते. दर जोडपानावर एक किंवा फार तर दोन कडवी ठेवली, तर आपल्याला निदान सहा ते आठ कडवी गाळावी लागतील आणि ती कोणती हे चित्रेच सांगतील. खारीच्या पाठीवरचे तीन पट्टे चित्रात दिसतच असतात. ते वर्णन करणारे कडवे खुशाल काढून टाकावे. प्रश्न नेहमी उजव्या पानाच्या तळाशी यावा आणि उत्तर पान उलटल्यावर मिळावे. उलटण्याआधी मुले ओरडून उत्तर देतात, तीच या पुस्तकाची खरी गंमत. ही प्रत हाताने लिहून, काड्यांची चित्रे काढून चार-पाच मुलांना वाचून दाखवावी आणि मगच त्या मुलीला रंग हातात घ्यायला सांगावे. रंगवलेले चित्र रद्द करायला कोणालाच जीव होत नाही.

अक्षरजुळणी युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतातच करावी, म्हणजे फाइल दुसरीकडे उघडल्यावर अक्षरे फुटणार नाहीत. टाइप १८ पॉइंटांपेक्षा लहान नको आणि ‘ल’ व ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात.

छापावे की पाठवावे, यात मला विरोध दिसत नाही. आधी थोड्या प्रती डिजिटल छपाईने काढून गावातल्या बालवाड्यांना द्याव्यात. मोबाइलवर पाठवताना चित्रे सुटी न धाडता पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाहीतर ती दाबली जाऊन धूसर होतात. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या ना-नफा प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासूनच्या खुल्या व्यासपीठावरही मराठी पुस्तक ठेवता येते. मात्र तिथला परवाना असा आहे की श्रेय देऊन कोणीही ते छापू शकतो, भाषांतरित करू शकतो, विकूही शकतो आणि एकदा दिलेली ही मोकळीक मागे घेता येत नाही. पुढे प्रकाशकाकडे जाण्याचा विचार असेल, तर तूर्त थांबावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, दुकानांत आणि ग्रंथालयांत उपयोगी पडतो. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. बालवाडीत वाटण्याच्या प्रतींना त्याची गरज नाही.

राहिली चोरीची भीती. गोष्ट कागदावर उतरली त्याच क्षणी स्वामित्वहक्क आपला झाला. नोंदणी सक्तीची नाही आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. परंतु तो फक्त शब्दांवरचा आहे. चित्रांचा हक्क वेगळा असतो आणि मानधन देऊन चित्रे काढून घेतली तर तो कोणाचा, यावर पुढे वाद निघू शकतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच त्या मुलीशी साध्या कागदावर करार करावा : मूळ चित्रे कोणाकडे राहतील, मोफत वाटपाला तिची संमती आहे का, विक्री झाल्यास वाटणी कशी, आणि मुखपृष्ठावर तिचे नाव आपल्या नावाइतक्याच मोठ्या टाइपात येईल, हेही त्यात लिहावे.