हवालदारसाहेब, तो किल्ला मोडायला नको होता

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव सैनिक टाकळी, आता राहायला कोल्हापुरात. मुलगा साडेअठरा वर्षांचा, बारावी सायन्सला 58 टक्के. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी दोनदा दिली, दोन्ही वेळा गणितात गेला. अभ्यास सोडून पुठ्ठे कापत बसतो. एक थर म्हणजे वीस मीटर, असं काहीतरी सांगतो. दिवाळीत पन्हाळा ते विशाळगड असा देखावा केला, त्यात दोन महिने घातले. रागाच्या भरात मी तो लाथेनं मोडला. तेव्हापासून घरात बोलत नाही. त्याला एनडीएची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत घालू की जवान भरतीच्या तयारीला लावू?

उत्तर : हवालदारसाहेब, 58 टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. 'लाथेनं मोडला' वाचलं आणि पुढचं पत्र जरा वेळानं वाचलं. पोरगं बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय, मला नाही. दोन महिन्यांची मेहनत बापाच्या एका लाथेत गेली, त्यावर तो काय बोलणार? तो उलटून बोलला असता तर मला कमी भीती वाटली असती. आणि आता त्याच माणसानं निवडलेल्या अकॅडमीत त्यानं मान खाली घालून जायचं, असं तुम्ही धरून चालला आहात.

'वीस मीटर असं काहीतरी' म्हणजे कंटूर, सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी नकाशावरची समोच्च रेषा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचा फरक असतो. तुमच्या मुलानं सपाट कागदावरच्या रेषा वाचल्या आणि त्यातून डोंगर उभा केला. हे काम तुम्हाला ओळखीचं वाटायला हवं होतं. तुम्ही रंगरूट असताना उस्तादानं मातीत टेकडी केली, लोकरीचा धागा टाकून रस्ता दाखवला, काठी टेकवून 'दुश्मन इथं' म्हटलं, आठवतं? ते सँड मॉडेल आणि घरातला तो 'देखावा', दोन्ही एकाच जातीचे.

सैन्यात असल्या कलाकुसरीला कोण विचारतो, असा एक पक्का समज आपल्याकडे आहे, आणि तो माजी सैनिकांच्या घरांत जास्त दिसतो. तो खरा नाही. चौदाव्या लुईच्या काळात, 1668 पासून, फ्रान्सनं आपल्या तटबंदीच्या शहरांची मॉडेलं करून घेतली, बहुतेक 1:600 मापाची. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या मेसिन टेकडीवर 7 जून 1917 ला पहाटे हल्ला झाला. त्याच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियन सैनिक त्याच टेकडीच्या मोठ्या मॉडेलभोवती उभे राहून चढ-उतार बघत होते. 1942 मध्ये अमेरिकन नौदलानं शाळकरी पोरांकडे 1:72 मापाची 5 लाख विमानांची मॉडेलं मागितली, आपलं विमान कुठलं नि शत्रूचं कुठलं हे नजरेनं ओळखायला शिकवण्यासाठी. व्हिएतनाममध्ये एम-16 रायफली ऐन लढाईत अडकायच्या. ही रायफल साफ करावी लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नव्हतं. 1968 मध्ये अमेरिकन लष्कर त्यासाठी जाडजूड नियमपुस्तकावर विसंबून राहिलं नाही. विल आयस्नर या चित्रकाराकडून कॉमिक काढून घेतलं, कारण जवान ते वाचणार होता.

आता मुलाच्या बाजूनं उगाच ढोल वाजवत नाही. मॉडेल करता येतं म्हणून सैन्यात कुणी अधिकारी करत नाही, आणि एनडीएचं गणित त्याला जमत नाही हेही खरं. एनडीएची साडेएकोणीस वर्षांची वयोमर्यादा जवळ आलीय. तिसरा प्रयत्न करायचा असेल तर तो त्याच्या तोंडून यायला हवा. जवान भरती निघेलही, पण नंतर तिथं राहायचं कुणी, तुम्ही की त्यानं?

माझ्या मते अकॅडमी नको. कलानिकेतन आणि दळवीज् ही कला महाविद्यालयं कोल्हापुरातच आहेत, बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. डिझाइनकडे जायचं असेल तर यूसीड (आयआयटीच्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा आहे, पण यूसीडच्या अटी आधी नीट वाचा. फौज डोक्यातून जातच नसेल, त्याच्या किंवा तुमच्या, तर पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी होण्याची परीक्षा आहे. देहरादूनच्या आयएमए या लष्करी अकादमीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, वय साधारण 24 पर्यंत. म्हणजे चित्रकलेची पदवी घेतल्यानं तो दरवाजा बंद होत नाही. शिवाय हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज लष्कर आणि पोलिसांसाठी प्रशिक्षणाचे सिम्युलेटर बनवते. तिथं भूभाग संगणकावर उभा करणारी माणसं लागतात. पुठ्ठ्यावरून संगणकावर जायला त्याला मेहनत लागेल, पण ती तो करेल असं मला वाटतं.

पत्र तुमचं आहे, त्यात त्याचं एकही वाक्य नाही. शनिवारी सकाळी त्याला माझ्याकडे पाठवा, एकट्याला. मोडक्या थरांपैकी काही उरले असतील तर तेही घेऊन येऊ दे. त्याआधी घरी त्याच्याशी 'चुकलं माझं' एवढं बोला, पुढे 'पण' लावू नका. तुम्ही दुपारी या, चहा मी देतो.