‘नागरी अणुसहकार्य’ यातलं ‘नागरी’ म्हणजे काय?

डिचोलीहून भाचीनं विचारलंय: “मामा, पेपरात सारखं ‘नागरी अणुऊर्जा सहकार्य करार’ असं येतं. नागरी म्हणजे शहरी ना? मग ही वीज फक्त शहरांना मिळणार का? आणि नागरिकांसाठी असा अर्थ असेल, तर वीज नागरिकांनाच मिळते की. मुद्दाम ‘नागरी’ म्हणायचं कारण काय?” ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

तिनं घेतलेले दोन्ही अर्थ मराठीत आहेत. ‘नागरी आणि ग्रामीण भाग’ म्हणतो तेव्हा नागरी म्हणजे शहरी. ‘नागरी हक्क’ म्हणतो तेव्हा नागरिकांचे. पण करारातलं ‘नागरी’ हे ‘सिव्हिल’चं भाषांतर आहे, आणि ‘सिव्हिल’ एकटा कधीच अर्थ देत नाही. त्याच्यासमोर कोण उभं आहे ते पाहावं लागतं. समोर फौजदारी असेल तर तो दिवाणी. समोर लष्कर असेल तर मुलकी. सरकारी सेवेत तो सनदी होतो, इंजिनिअरिंगमध्ये स्थापत्य, युद्धाला लागला की यादवी आणि कायदेभंगाला लागला की चक्क सविनय. आपल्या लोकांनी दर वेळी संदर्भ पाहून वेगळा शब्द योजला, याचा मला फार अभिमान वाटतो. अलीकडे मात्र बऱ्याच ठिकाणी ‘नागरी’ हा एकच शिक्का मारला जातो. पुरवठा नागरी, विमान वाहतूक नागरी, कायदाही नागरी. त्यात आपण गोंयकार ‘समान नागरी कायदा’ ऐकतच मोठे झालेले. पोर्तुगीजांची १८६७ची संहिता १८७०पासून इथं लागू झाली, तिथं ‘नागरी’ म्हणजे लग्न, वारसा, मालमत्ता. तो अर्थ डोक्यात ठेवून अणुकराराची बातमी वाचली तर गोंधळ होणारच.

अणुकरारात ‘नागरी’ म्हणजे लष्करी नव्हे ते. यासाठी जुना, नेमका शब्द ‘मुलकी’. गोवा मुक्त झाल्यावर आधी मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते, मग जून १९६२मध्ये नायब राज्यपाल आले. आमचे आजोबा त्याला “मुलकी कारभार आला” असंच म्हणायचे.

पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण भाचीचा दुसरा प्रश्न उरतोच. वीज तयार करणारी अणुभट्टी आपोआप नागरी ठरते का? नाही ठरत. शब्दाची खरी गंमत इथंच आहे.

पूर्वी या करारांत सगळा भर ‘शांततामय उपयोग’ या शब्दांवर असायचा. कॅनडानं १९५६च्या करारानं भारताला ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी दिली, ती याच अटीवर. तिच्यात तयार झालेलं प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बला चालणारं द्रव्य, वापरून भारतानं १८ मे १९७४ रोजी पोखरणला चाचणी केली आणि तिलाही ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं. कॅनडानं मदत थांबवली. अणुइंधन आणि यंत्रसामग्री पुरवणारे देश एकत्र आले आणि त्यांनी पुरवठ्याचे नियम आवळले. ‘शांततामय’ हे विशेषण हेतू सांगतं, आणि दुसऱ्याचा हेतू मोजायला फूटपट्टी नसते. म्हणून पुढे भर आला तो कागदावर दाखवता येईल अशा गोष्टीवर: कुठली भट्टी कुणाच्या तपासणीखाली आहे.

१८ जुलै २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी अणुसहकार्याचं संयुक्त निवेदन केलं. त्यानंतर २००६मध्ये भारतानं नागरी आणि लष्करी केंद्रं वेगळी करण्याचा आराखडा मांडला. तेव्हा चालू असलेल्या आणि बांधल्या जात असलेल्या २२ वीज-अणुभट्ट्यांपैकी १४ भट्ट्या २०१४पर्यंत टप्प्याटप्प्यानं व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली द्यायच्या असं त्यात ठरलं. त्या झाल्या ‘नागरी’. सप्टेंबर २००८मध्ये त्या पुरवठादार देशांनी आपल्या नियमांतून भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबरला दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राइस, यांनी भारत-अमेरिका करारावर सह्या केल्या.

आता कैगा बघ. काणकोणहून पोळ्याची हद्द ओलांडली की कारवार, आणि तिथून आत काळी नदीच्या काठावर कैगा. २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या. त्यातल्या पहिल्या भट्टीनं २०१८च्या अखेरीस सलग ९६२ दिवस वीज तयार करून जागतिक विक्रम केला. तिथली वीज लोकांचे पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप चालवते. तरीही कैगाच्या चारही भट्ट्या त्या १४ जणींच्या यादीत नाहीत! म्हणून तिथं बाहेरून आणलेलं युरेनियम वापरता येत नाही, देशातलंच वापरावं लागतं. म्हणजे या करारांच्या भाषेत ‘नागरी’ हा शब्द वीज कुणाला मिळते हे सांगत नाही. भट्टीचं दार परक्या तपासनिसाला उघडं आहे की नाही, हे सांगतो.

दाबोळी आणि मोपा हे गोव्याचे दोन विमानतळ आठवून बघ, म्हणजे पक्कं लक्षात राहील. दाबोळीला धावपट्टी नौदलाची आणि त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानं उडतात. २००६पूर्वी भारताचा अणुकार्यक्रम बराचसा असाच होता, दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली. अणुक्षेत्रात बाहेरच्यांना ही सरमिसळ चालत नाही, म्हणून मध्ये भिंत घालावी लागली. मोपा पहिल्यापासून निव्वळ नागरी. तसं संयुक्त अरब अमिरातीनं केलं. २००९च्या अमेरिकेबरोबरच्या करारात त्यांनी युरेनियमचं समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, ही बॉम्बकडे नेऊ शकणारी दोन्ही कामं करणार नाही असं लिहून दिलं आणि कोरियाकडून बराकाच्या चार भट्ट्या बांधून घेतल्या. दोन्ही देशांच्या करारांना आपण ‘नागरी अणुसहकार्य’च म्हणतो, पण सोडावं लागलेलं पाणी सारखं नाही.

भाषांतर करणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘नागरी’ आता रुळलाय, तो काढू नका, पण लेखात पहिल्यांदा येईल तिथं ‘नागरी, म्हणजे बिगरलष्करी’ एवढं लिहा. ‘नागरिक अणुकरार’ मात्र कधीच नको.

याच बातम्यांतला आणखी एक शब्द मला जास्त काळजीचा वाटतो. ‘सेफगार्ड्स’साठी, म्हणजे वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी, सर्रास ‘सुरक्षा उपाय’ लिहितात. ही तपासणी अपघाताची नसते. किती इंधन आत गेलं, किती वापरलं गेलं, किती बाहेर काढलं याचा हिशेब ठेवायचा, सील लावायची, कॅमेरे बसवायचे आणि त्यातलं काही बॉम्बकडे वळत नाही ना ते बघायचं. यासाठी ‘निगराणी’ शब्द चपखल आहे. नाहीतर ‘कैगा आंतरराष्ट्रीय सुरक्षा उपायांखाली नाही’ असं वाक्य छापून येतं आणि काणकोणचा माणूस घाबरतो. कैगा त्या निगराणीबाहेर आहे. अपघात होऊ नये म्हणून ठेवायची देखरेख तिथंही आहे आणि ती आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.