पोती परत मागा, पण खरा जोर डोंगराच्या दाव्यावर लावा

प्रश्न : आमची कातकरीवाडी मुरूड तालुक्यात, वनखात्याच्या जागेत आहे. बचत गटाच्या आम्ही बाया शिकेकाई, हिरडा गोळा करून रोह्याच्या बाजारात विकतो. होळीआधी वनरक्षकाने आमची चार पोती वाटेत उतरवून घेतली. वाहतुकीचा पास नाही म्हणाले. पावती दिली नाही. आता एका कागदावर सह्या मागतात. संयुक्त वन व्यवस्थापन समितीत (वनखातं आणि गावकऱ्यांच्या समितीत) या, मग त्रास होणार नाही, असंही सांगतात. ग्रामसेवक म्हणतात, आपला तालुका पेसात (आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्यात) नाही, तुम्हाला वनहक्क लागू नाही. डोंगराला वणवा लागला की विझवायला आम्हीच धावतो. आम्ही काय करावं?
– एक वाचक, मुरूड तालुका

उत्तर : ताई, पहिली गोष्ट त्या कागदाची. त्यावर कोणीही सही किंवा अंगठा देऊ नका. असे कागद बहुतेक वेळा गुन्हा कबूल करून तडजोडीची रक्कम भरण्याचे असतात. एकदा सही झाली की उद्या त्याच कागदावर तुम्हाला ‘पूर्वीच्या गुन्हेगार’ ठरवतील. त्याऐवजी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. त्यात तारीख, जागा, पोत्यांचं अंदाजे वजन आणि तेव्हा हजर असलेल्यांची नावं लिहा आणि विचारा की जप्ती कोणत्या कलमाखाली केली, पंचनामा कुठे आहे, माल कुठे ठेवला आहे. भारतीय वन अधिनियमात जप्त मालावर खूण करून पुढे अहवाल पाठवावा लागतो. नुसता माल उतरवून घेऊन निघून जाणं ही कायदेशीर जप्ती नव्हे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.

ग्रामसेवकांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागापुरता आहे आणि तुमचा तालुका त्यात येत नाही, इथपर्यंत ते बरोबर आहेत. पण वनहक्क कायदा, 2006 हा वेगळा कायदा आहे. त्याला पेसाची अट नाही. तो मुरूडला लागू आहे, माणगावला आहे, सिंधुदुर्गातही आहे. ही एक चुकीची समजूत कोकणातल्या किती वाड्यांना दाव्यापासून लांब ठेवते, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पासचं. वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ग) प्रमाणे परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर मालकी तुमची आहे. गोळा करणं, वापरणं, विकणं, सगळं त्यात आलं. हिरडा, शिकेकाई, मध, कंद, औषधी वनस्पती, बांबू हे सारं गौण वनोपज. 2012 च्या दुरुस्ती नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि त्यासाठी फी किंवा रॉयल्टी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं.

पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. हक्क कायद्याने आधीच दिलेला असला, तरी मान्यतेचा कागद हाती नसेल तोवर रस्त्यावर वाद होतच राहणार. म्हणून चार पोत्यांपेक्षा मला तुमच्या डोंगराची काळजी जास्त आहे. अर्ज आजच द्या, पण खरा जोर वनहक्काच्या दाव्यावर लावा.

दावे दोन करा. नमुना ‘ब’ गौण वनोपज, चराई, पाणी अशा सामूहिक हक्कांसाठी. नमुना ‘क’ सामूहिक वनसंपत्तीसाठी, म्हणजे जंगल राखण्याच्या आणि सांभाळण्याच्या हक्कासाठी. पुष्कळ ठिकाणी फक्त ‘ब’ भरून घेतात आणि डोंगराचा कारभार खात्याकडेच राहतो.

हे दावे कोणत्या ग्रामसभेतून? मोठ्या गावच्या सभेत तुमच्या वाडीचा विषय शेवटी येतो आणि तोवर माणसं उठून गेलेली असतात, हे मला ठाऊक आहे. कायद्यातल्या ‘गाव’ शब्दात नोंद नसलेली जुनी वस्तीही येते. ग्रामपंचायतीने अशा वस्त्यांची यादी करून प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) पाठवायची असते. तुमची वाडी त्या यादीत घालण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे करा आणि प्रत अलिबागच्या प्रांत कार्यालयाला द्या. मग वाडीची स्वतःची ग्रामसभा भरवून वनहक्क समिती निवडा : 10 ते 15 जण, दोन तृतीयांश आदिवासी, निदान एक तृतीयांश बाया. दाव्याच्या ठरावाला निम्मे सभासद आणि निम्मे दावेदार हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. हजेरीवरच दावे परत येतात, तेव्हा सही-अंगठ्याचं पान नीट ठेवा.

पुराव्याला घाबरू नका. सातबारा लागत नाही. एकापेक्षा अधिक पुरावे हवेत आणि त्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, फक्त तो दावेदारांव्यतिरिक्त माणसाचा असावा. जुन्या दळीच्या (डोंगरउतारावर कसायला दिलेल्या जमिनीच्या) पावत्या कोणाच्या पेटीत असतील तर काढा. समिती हद्द बघायला डोंगरावर जाईल तेव्हा शिकेकाई वेचणाऱ्या बायांनी पुढे चालावं. कोणत्या घळीत वेल, कुठे शेवळं उगवतात, कुठल्या झऱ्याला वैशाखात पाणी, देवाची जागा कोणती, हे त्यांच्या पायांखालचं आहे. पुरुष रस्त्याच्या कडेची हद्द सांगून मोकळे होतात, आणि मग निम्मं जंगल नकाशाबाहेर पडतं. प्रत्येक जागेचं नाव नकाशावर लिहा. वणवा अडवायला तुम्ही जाळरेषा काढता तीही दाखवा.

शेजारच्या कुणबी वस्तीची गुरं त्याच डोंगरावर जात असतील तर त्यांच्याशी आधीच बसून हद्द ठरवा. दोन गावांच्या समित्यांनी एकत्र बसावं, असं नियमच सांगतो. भांडण प्रांतांपर्यंत गेलं तर वर्षं जातात.

संयुक्त वन व्यवस्थापन समिती शासन निर्णयावर चालते, तुमचा हक्क संसदेच्या कायद्यावर. तिथे सही केली म्हणून हक्क बुडत नाही, पण डोंगर राखायला खात्याची समिती आहेच, असं पुढे तुमच्याविरुद्ध दाखवलं जाईल. माझं मत, आत्ता नकोच.

दावा उपविभागीय समितीकडे गेल्यावर कोणी तोंडी ‘नामंजूर’ म्हटलं तर मानू नका. नकार लेखी आणि कारणासह हवा, आणि कळल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागता येते. कातकरी विशेष दुर्बल आदिम गटात, म्हणजे आदिवासींतल्याही सर्वांत मागे राहिलेल्या जमातींत मोडतात, हे दाव्यात नमूद करा. गावात सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मान्य झालेला नसेल तर त्याची कारणं जिल्हा समितीने नोंदवायची असतात. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही प्रत द्या.

अॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून वनहक्कांत अडथळा आणणं, उत्पन्न हिरावणं हाही गुन्हा आहे. ती वाट आहे, पण आधी अर्जाचं उत्तर येऊ द्या.

एक काम मात्र दाव्याची वाट न बघता करा. शेंगांसाठी वेल मुळापासून तोडायचा नाही, हिरड्याची थोडी फळं झाडावर सोडायची, मधाचं पोळं जाळायचं नाही, हे तुम्ही पाळता ते ग्रामसभेच्या ठरावात उतरवा. ‘वेल तोडता’ म्हणणाऱ्याला त्याच ठरावाची प्रत दाखवा. जप्तीच्या अर्जालाही तीच जोडा.