"मॅडम, बाबांजवळ किती महिने आहेत?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधेच, दबक्या आवाजात. असाच एक मुलगा, नागपुरातल्या मानेवाड्याचा (ओळखीचे तपशील बदललेत), वडील एसटीतून रिटायर्ड ड्रायव्हर. आधी टीबीच्या गोळ्या चालल्या, आपल्याकडे हे फार होतं, एक्सरेवर टीबी आणि कॅन्सर सारखेच दिसू शकतात, मग छातीत पाणी झालं, बायोप्सी, आणि फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज ४. डॉक्टर म्हणाले साधारण सहा महिने. पोरानं मोबाईलच्या कॅलेंडरमधे ती तारीखच टाकून ठेवली, वर मला म्हणे बाबांना काही सांगू नका, खचतील.

त्याला म्हटलं, ही एक्सपायरी डेट नाही रे. अशा शंभर पेशंटची रांग लावली तर मधल्या माणसाचा तो आकडा, निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे नंतर. ढोबळ हिशोब असा की आकड्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, म्हणजे तीन ते बारा महिने, यात साधारण निम्मे पेशंट बसतात, दहातला एखादा दीड वर्षाच्या पुढे जातो आणि दहातला एखादा महिन्याभरातच, हे पण सांगावंच लागतं, गोड बोलून काय उपयोग. शिवाय ईजीएफआर, एएलके या म्युटेशनचा, म्हणजे कॅन्सरच्या जीन्समधल्या बदलांचा, रिपोर्ट यायचा होता, पॉझिटिव्ह आला तर त्यावरच्या खास गोळ्या मिळतात आणि हिशोब महिन्यांवरून वर्षांवर जाऊ शकतो.

निगेटिव्ह आला. किमो सुरू झाली.

डॉक्टरांनी सोबत पॅलिएटिव्हवाल्यांकडे, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या टीमकडे, पाठवलं तर पोरगा चिडला, म्हणजे हात वर केले का? नाही बाप्पा. अमेरिकेत याच कॅन्सरच्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मधे छापून आला, सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचा मधला आकडा ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९. आणि दम लागणं, दुखणं, झोप, हे बघणारं कोणीतरी पाहिजेच ना.

दुसऱ्या किमोला पोरगा बिल भरायला गेला तेव्हा काका म्हणाले, "त्या पोट्ट्याले वाटते मले मालूम नाही. मले येवढंच सांगा, दिवाळीपर्यंत गाडी चालते का? बेसाच्या प्लॉटचं आरएल बाकी हाये, मंग बायकोचं नाव चढवतो."

खरंच ऐकायचंय ना, असं विचारून मग सांगितलं, हिशोब महिन्यांचा आहे, दिवाळी नक्की नाही, ते काम आत्ताच करा. नंतर तिघं बसलो, पोरगा रडला, काका त्याच्यावरच खेकसले.

आरएल, म्हणजे प्लॉटचा तो सरकारी कागद, जुलैत हातात आलं. काका कोजागिरीच्या दोन दिवस आधी गेले, घरीच.

पोरगा नंतर भेटायला आला तेव्हा सांगत होता, ऑगस्टमधे त्या तारखेला मोबाईल वाजला तेव्हा बाबा शेजारी बसून पोह्यावर अजून तर्री मागत होते. म्हणाले, कशाचा अलार्म हाये? हा म्हणाला, मीटिंगचा.

"मंग जा नं."